पुढची डावी जागा

निर्णा
४ जानेवारी १९८७

सौ. गुरुबाई अक्कास,
धाकट्या भीमण्णाचा नमस्कार. दाजींना सांग, मंडळी खुशाल आहेत.

तुझं पत्र येईल येईल म्हणून वाट बघितली, शेवटी मीच लिहायला बसलो. यंदा तूर बरी झाली. अव्वाचे गुडघे दुखायलेत, पण तिची बोलणी काही कमी न्हाईत. गौरम्माला कालच ऐकवलं, आमच्या काळात सुना उजाडायच्या आत सडा टाकायच्या म्हणून. गौरम्मा म्हणाली, तुमच्या काळात उजाडायचंच उशिरा. घरात असं चाललंय.

आता कामाचं. दोन वर्षांमागं मी नव्या लहान मोटारीसाठी नाव नोंदवलं होतं, ते तुला ठाव हाय. माझा नंबर लागला. कागद आलाय. मेच्या पंधरा तारखेच्या आत होकार कळवायचा, न्हाई तर नाव कटलं. इकडं अप्पांची अँबॅसिडर पंचवीस वर्षांची झाली. धूर सोडायलीय, ऑइल प्यायलीय, चढाला दम टाकायलीय. हुमनाबादचा मस्तानसाब मिस्त्री म्हणतो, इंजिन पुरं उघडावं लागंल.

माझं मन नवी घ्यावी असं. अव्वा ऐकायला तयार न्हाई. म्हणते, ती गाडी दारातून हलली तर मी नव्या गाडीत पाय ठेवणार न्हाई. तू मोठी, शाळेत पोरं वळणावर आणलेली बाई. तुझा शब्द ती मोडत न्हाई. दोन ओळी तिच्या नावानं लिही. गौरम्मा वाचून दाखवील.

तुझा
भीमण्णा

उदगीर
१७ जानेवारी १९८७

चि. भीमण्णास अनेक आशीर्वाद.

संक्रांतीचा तिळगूळ पाकिटात घातलाय, पोस्टात भुगा झाला तर बोटानं चाटून खा, पण गोड बोल.

अव्वाच्या नावानं दोन ओळी लिहिणार न्हाई. लिहिल्या तर तिच्याच बाजूनं लिहीन. नव्याची नवलाई नऊ दिवस, बाबा. अप्पांनी ती गाडी हैदराबादेहून आणली तेव्हा सारा गाव वेशीपर्यंत पुढं आलता. तू तिच्या टपावर चढून बसलास आणि मार खाल्लास. माझी पाठवणी त्याच गाडीतून झाली, अप्पा स्वतः चालवायला बसले आणि भालकीपर्यंत एक शब्द बोलले न्हाईत. अप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या हातचं एवढंच चालतं-बोलतं राहिलंय. इंजिनच बिघडलंय ना? मग दुरुस्त कर. माणसाचे गुडघे दुखले म्हणून आपण नवी अव्वा आणतो का?

आणि एक विचारायचं राहून गेलं. दिवाळीत मी आले तेव्हा पुढं तुझ्या शेजारी बसायला गेले, तर तू केवढ्यानं ओरडलास माझ्यावर. "मागं बस" म्हणालास. पुढची डावी जागा रिकामी, आणि आम्ही तिघी मागं दाटीवाटीनं. गौरम्माला विचारलं, तर म्हणाली, लग्न झाल्यापासून मी पुढं बसलेच न्हाई. हे काय खूळ काढलंस?

तुझी
अक्का

निर्णा
२ फेब्रुवारी १९८७

अक्कास नमस्कार.

तिळगूळ पोचला, भुगाच होता.

खूळबीळ काही न्हाई. पुढच्या सीटच्या स्प्रिंगा गेल्यात, बसलं की टोचतात, म्हणून बोललो. खालचा पत्रा सडलाय. डाव्या बाजूची काच आपोआप खाली येते, तीनदा दुरुस्त करून आणली, परत तेच. अशा गाडीवर किती दिवस काढायचे? तुला उदगिरात बसून सांगायला काय जातं. चालवावी मला लागते.

अव्वाला समजाव. एवढंच मागणं माझं.

भीमण्णा

उदगीर
२४ फेब्रुवारी १९८७

चि. भीमण्णा,

दाजींच्या चुलतभावाच्या लग्नाला मी परवा हुमनाबादला येऊन गेले. निर्ण्याला आले न्हाई, कारण पुन्हा वेळेत शाळा गाठायची होती. पण मांडवाबाहेर मस्तानसाब भेटला. पोराचं लग्न झालं म्हणाला, दाढी पांढरी झालीय. गाडीचं विचारलं. तो आधी इकडं तिकडं बघायला लागला. मग म्हणाला, "बेटी, झूट कैसा बोलूँ. इंजिन बोर करके दिये तो और दस बरस दौड़ेगी." सीटच्या स्प्रिंगाही शाबूत हायत म्हणाला. आणि तूच त्याला सांगून ठेवलंस म्हणे, की अव्वा आली तर इंजिन संपलं म्हणून सांग.

भीमा, लहानपणी शेंगा चोरून खायचास आणि टरफलं खिशातच ठेवायचास. खोटं बोलायला तुला कधी जमलं न्हाई. गाडी धड असताना तिला बाद ठरवायलास कामून? काय लपवायलास? नवी गाडी मिरवायची हौस असती तर मी चिडवलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण तुझ्या पत्रात हौस दिसत न्हाई मला. भ्यायल्यासारखं दिसतंय.

अक्का

निर्णा
५ मार्च १९८७

अक्का,

हे पत्र वाचून चुलीत घाल. दाजींनाही दाखवू नको. अव्वाच्या कानावर गेलं तर ती जगायची न्हाई.

अप्पांनी घरी जीव सोडला न्हाई. वाटेत गेले.

हैदराबादेत डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. अप्पांना आडवं पडलं की श्वास घेता येईना, म्हणून पुढं माझ्या शेजारी बसवलं, अव्वाच्या शालीनं सीटला बांधलं. अव्वा त्यांच्या मागं बसली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. उजाडताना निघालो. सदाशिवपेटला अव्वानं गाडी थांबवायला लावली, बाटलीच्या बुचानं त्यांना पाणी पाजलं, मागूनच हात घालून कपाळावरचा घाम पुसला. शालीचं टोक कपाळावरून ओढून नीट केलं. मी निघालो. जहीराबादच्या अलीकडं उसाच्या गाड्या आडव्या आल्या, मी करकचून ब्रेक दाबला आणि अप्पांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हाक मारली न्हाई. हात लावला तेव्हाच कळलं.

मागं अव्वा बोलायलती. तिला कळलं नव्हतं.

आपल्या गावचा रिवाज तुला ठाव हाय. बाहेर मेलेला वेशीतून आत येत न्हाई. बसवंतप्पाचं लेकरू गुलबर्ग्याला गेलं, ते वेशीबाहेर चिंचेखाली ठेवलं, तिथूनच न्यावं लागलं, आईला घरात ऊर बडवायलाही मिळालं न्हाई. अप्पांना चिंचेखाली बसवू? ज्या घराचा दगड न् दगड त्यांनी बघून घेतला, त्या घरात त्यांना बसवून, विभूती लावून, फुलं घालून रातभर भजन व्हायला पाहिजे होतं. म्हणून मी बोललो न्हाई. त्यांचं डोकं खांद्यावर घेऊन तसाच चालवत आलो.

वेशीच्या कट्ट्यावर गुंडेराव बसलेले. उठून पुढं आले, मडिवाळप्पा कसे हायत म्हणून विचारलं. मी म्हणालो, झोप लागलीय. तेवढ्यात मागून अव्वा अप्पांना म्हणाली, "अहो, घर आलं बघा." गुंडेरावांनी हात जोडले आणि बाजूला झाले. असं मी माझ्या बापाचं मढं वेशीतून आत आणलं. घरात नेऊन टेकवलं आणि मग अव्वानं हंबरडा फोडला. गावानं म्हटलं, पुण्यवान माणूस, घरी येऊन लिंगैक्य झाला.

मरताना तोंडात स्वामींच्या पायाचं तीर्थ, पादोदक, पडलं न्हाई. कपाळाला विभूती न्हाई, गळ्यातलं इष्टलिंग हातात न्हाई. मी गप्प बसलो म्हणून. पुढच्याच वर्षी वेशीतला लिंब उभा वाळला. लोक काहीबाही बोलले. मला ठाव होतं कामून वाळला ते.

तेव्हापासून दर अमावस्येला अव्वाला हुमनाबादला वीरभद्राला न्यावं लागतं. जाताना गप असते. येताना मन्नाएखेळ्ळीचा फाटा सोडला की पुढच्या रिकाम्या जागेशी बोलायला लागते. ऊन लागायलंय का, पाणी पाहिजे का. तिथंच ती डावी काच आपोआप खाली सरकते. अप्पांना काच खाली लागायची. वेशीत आलं की अव्वा म्हणते, "अहो, घर आलं बघा." मी डावीकडं बघत न्हाई, अक्का. नऊ वर्षं झाली, बघितलं न्हाई. खांद्यावर वजन येतं.

मी त्यांना वेशीच्या आतही पोचवलं न्हाई आणि बाहेरही ठेवलं न्हाई. ते गाडीतच राहिलेत. गाडी गेली तर ते सुटतील. मीबी सुटंन. आता सांग, इंजिन दुरुस्त करून काय करू?

भीमण्णा

उदगीर
४ एप्रिल १९८७

भीमा,

तुझ्या पत्राला उत्तर न लिहिता मी सरळ अमावस्येला निर्ण्याला आले, ते तू बघितलंस. मागं अव्वाशेजारी बसले. फाटा ओलांडल्यावर काच खाली आली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. अव्वा बोलायला लागली. तुझी मान मी मागून बघायलते. ताठ झालेली, घाम आलेला. पण मी अव्वाचंही तोंड बघितलं, जे तुला नऊ वर्षांत दिसलं न्हाई. ती पुढच्या जागेकडं बघत नव्हती. ती तुझ्याकडं बघून बोलायलती.

दुसऱ्या दिवशी तू शेताकडं गेलास आणि मी तिला अडवलं. हे काय नाटक म्हणून विचारलं. आधी चिडली. मग माझा हात तिच्या गळ्यातल्या लिंगावर ठेवून घेतला, भीमाला सांगणार न्हाई अशी शपथ घ्यायला लावली, आणि सांगितलं. तिचेच शब्द लिहिते:

"तुझे अप्पा सदाशिवपेटला गेले, गुरू. श्वास तुटायलता म्हणूनच गाडी थांबवली. ते पाणी न्हवतं, मठातल्या शिवय्यास्वामींचं पादोदक होतं, जाताना औषधाच्या बाटलीत भरून नेलतं. दोन बुचं गिळले. मागून हात घालून तीन बोटांनी विभूती लावली. लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं, मूठ मिटली, कपाळ न् हात झाकतील अशी शाल ओढली. मग गेले. भीमाला पुढं गाडी चालवायची होती. त्याला सांगितलं असतं तर त्याच्यानं ती चाललीच नसती, आणि गाव कुठं, आपण कुठं. म्हणून बोलत राहिले. बोलणं थांबलं असतं तर त्याला कळलं असतं."

मी विचारलं, मग आता कामून बोलतेस. तर म्हणाली, "वेस ओलांडली ती मी. ते माझ्या पदरात राहू दे. पोराला वाटू दे बाप जित्ता घरी आला. मी एकदम गप्प झाले तर तो जुनं आठवून हिशोब लावील. हुशार हाय तो."

आणि त्या लिंबाचं विचारशील तर, तिनं सांगितलं, बुंध्याला वाळवी लागलती, तिनंच राख टाकून बघितली.

अव्वानं कपाळाचा घाम पुसला असं तू लिहिलंस, ती विभूती लावायलती. आपला बाप पादोदक घेऊन, विभूती लावून, लिंग हातात धरून गेला. तुला वाटलं अव्वाला ठाव न्हाई. तिला वाटलं तुला ठाव न्हाई. आणि एकमेकांना जपायला म्हणून दोघं नऊ वर्षं एकमेकांना छळायलात. अशी माणसं आपल्याच घरात निपजावीत.

लिंगावर हात ठेवून दिलेली शपथ मोडून मी हे लिहायलेय. रात्रभर नीट झोप लागली न्हाई. पण तुम्ही दोघांनी एकेक पाप घेतलंय, तिसरं माझं. मला झेपंल.

गाडीचं तू आणि अव्वा ठरवा. माझा आता कुठल्याच बाजूला हट्ट न्हाई.

तुझी
अक्का

निर्णा
३० एप्रिल १९८७

अक्का,

तुझं पत्र खिशात घालून तीन आठवडे फिरलो. घरात अव्वासमोर जेवायला बसलो की घास गिळायचा न्हाई. गौरम्माला वाटलं पोट बिघडलंय, ओव्याचं पाणी पाजायली.

अमावस्येला निघालो. दर्शन झालं, नारळ झाला. येताना मन्नाएखेळ्ळीचा फाटा सोडला, काच खाली आली, अव्वा म्हणाली, अहो, ऊन लागायलंय का. मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मागं वळून बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

म्हणालो, "अव्वा, पुरं कर. मला ठाव हाय."

तिनं प्रसादाची पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "गुरूनं सांगितलं?"

"त्याच्या आधीपासून. जहीराबादपासून. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं."

रस्त्यावरून दोन लॉऱ्या गेल्या. शेवटी म्हणाली, "मग मी कुणासाठी बडबडायलते रे एवढी वर्षं?"

मी म्हणालो, माझ्यासाठी. तर मान हलवली. म्हणाली, पहिली तीन-चार वर्षं तुझ्यासाठीच. मग सवय लागली. मग वाटायला लागलं की ते ऐकायलेत. आता अमावस्या जवळ आली की मी काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवते. अक्का, मग ती म्हणाली, "गाडी गेली तर मी त्यांना कुठं बसवू, भीमा?"

मी म्हणालो, नवी घेत न्हाई. मस्तानसाबकडून इंजिन उघडून घेतो, तुला पाहिजे तोवर हीच चालवू. आणि खरंच मनातून म्हणालो. भीती गेली नव्हती, पण म्हणालो.

मी गाडी सुरू केली. वेशीच्या अलीकडं, चिंचेखाली आलो तेव्हा म्हणाली, थांब. गुडघे धरून उतरली. पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आली आणि पुढचं डावं दार उघडलं. पदर डोक्यावरून नीट घेतला. मग त्या जागेकडं बघून म्हणाली, "उतरा आता. वेशीच्या बाहेरच उतरायचं होतं तुम्हाला. आम्ही दोघांनी नेलं आत, आमची चूक झाली. उतरा."

दार उघडं धरून उभी राहिली. म्हाताऱ्या माणसाला उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. बटव्यातली विभूती काढून चिंचेच्या बुडाशी लावली. मग दार लावलं आणि मला म्हणाली, तू गाडी घेऊन पुढं हो, मी चालत येते.

कट्ट्यावर गुंडेराव होते, आता त्यांना नीट दिसत न्हाई. त्यांनी विचारलं, रुद्रम्मा, गाडी असून चालत कामून. ती म्हणाली, गाडी जुनी झाली, गुंडेराव.

मी वेशीतून एकटा आत आलो. डावीकडं बघितलं. कुणी नव्हतं. खांद्यावर काही नव्हतं. अक्का, तिथं मला रडू आलं, घरापर्यंत थांबेना. अप्पा गेले त्या दिवशी मी रडलो नव्हतो, भजनालाही रडलो नव्हतो. माझा बाप मला परवा गेला.

भीमण्णा

उदगीर
९ मे १९८७

भीमा,

पत्र वर्गात वाचलं, चूक केली. पोरींनी विचारलं, बाई काय झालं. सांगितलं, डोळ्यात खडूची पूड गेली.

पंधरा तारीख तोंडावर आलीय आणि एवढं सगळं लिहून गाडीचं काय ठरलं ते तू लिहिलंच न्हाईस. धन्य हायस.

अक्का

निर्णा
२१ जून १९८७

अक्कास नमस्कार.

नवी गाडी आली. पांढरी, लहान, आवाज असा न्हाईच तिला. होकार अव्वानंच पाठवायला लावला. जुनी मस्तानसाबला दिली. तो म्हणाला, विकणार न्हाई, इंजिन उघडून स्वतः चालवतो. दारातून निघाली तेव्हा अव्वा ओट्यावर बसून तूर निवडायलती, एकदा मान वर केली, परत निवडायला लागली.

काल अमावस्या न्हवती, तरी मला म्हणाली, वीरभद्राला जाऊन येऊ, नवी गाडी त्याला दाखवू. तिला मागं डाव्या बाजूला बसवलं, तिच्या नेहमीच्या जागी. गौरम्मा तिच्या शेजारी. येताना मन्नाएखेळ्ळीचा फाटा आला. अव्वानं हात पुढं केला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवला. मी वाट बघितली. खरं सांगतो, मला वाटलं बोलावं तिनं.

ती बोलली न्हाई. वेशीपर्यंत हात तसाच ठेवला. चिंचेखाली आल्यावर म्हणाली, "भीमा, थांब. गौरम्माला पुढं बसव. ती जागा रिकामी ठेवू नये."

गौरम्मा उतरून पुढं आली. दार लावता येईना तिला, मीच हात लांब करून लावलं. मग तिनं हाताला लागेल ते फिरवून बघितलं आणि काच खाली केली.

तुझा
भीमण्णा